दरवर्षी त्याच जागी बांध फुटतो? फुटलेली जागा नंतर बघा, आधी वर जा

आमची वरकस जमीन संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अंगाला, जेमतेम वीस गुंठे, आणि उतार असा की वर नारळ हातातून सुटला तर खाली पऱ्यातच (ओढ्यात) शोधायचा. आजेसासऱ्यांच्या काळात इथे नाचणी, मग वरी, मग कारळे असं करून दोनचार वर्षं रान पडीक ठेवायचे, पुढे सगळी मुंबईला गेली आणि जमीन करवंदांनी खाल्ली. २०१८ ला आम्ही ती परत काढली. नाचणी, कडेने हळद आणि सुरण, मांडवावर पडवळ-शिराळी, असं घरापुरतं. आणि २०१९ पासून एकच रडगाणं सुरू झालं, मधला बांध फुटतो. दरवर्षी. त्याच जागी, आंब्याच्या खुंटापासून दहाबारा पावलांवर.

पहिल्या वर्षी मातीचा होता, म्हटलं कच्चा असेल. २०२० ला लॉकडाऊनमुळे सगळे घरीच, हात भरपूर, म्हणून उंच आणि रुंद केला, तर तो फुटला तेव्हा आधीपेक्षा जास्त नुकसान झालं कारण मागे पाणी पण जास्त तुंबलेलं, खालच्या दोन पट्ट्यांतली नाचणी मुळासकट गेली. २०२१ ला दगडी ताल, म्हणजे दगडांची आडवी भिंत, रचली, आठ दिवस चार माणसं. ती २२ जुलैला गेली, म्हणजे ज्या दिवशी चिपळूण पाण्यात होतं त्या दिवशी, त्यामुळे स्वतःची समजूत काढायला कारण मिळालं की बाबा अतिवृष्टीच होती, कोणाचंच काही राहिलं नाही. पण २०२२ ला साधा मृगाचा पाऊस, तरणा-म्हातारा (जुलैतला पुनर्वसू-पुष्याचा पाऊस) अजून लांबच, आणि तरी परत रचलेली ताल बसली. त्या दिवशी मी बांधावर बसून रडले होते हे खोटं कशाला सांगू.

आमचे सासरे, अण्णा, तेव्हा एकच बोलले. "फुटल्या जागी काय बघतेस गो, पाणी कुठून आलं ते बघ." आता चार वर्षं हे का नाही बोललात असं विचारायची सोय नव्हती. पण खरंच आम्ही चारही वर्षं जिथे फुटलं तिथेच माती, तिथेच दगड, तिथेच घाम ओतत होतो, आणि दुरुस्ती करायचो उन्हाळ्यात, जेव्हा पाणी कुठेच दिसत नाही.

म्हणून तुमचाही बांध असाच फुटत असेल तर पहिलं काम हे, धोधो पाऊस चालू असताना शेतात जायचं. इरलं घ्या, रेनकोट घ्या, हातात काठी, आणि वीज कडाडत असेल तर घरातच बसा, दुसरा पाऊस येईलच. वरच्या हद्दीपासून चालत खाली यायचं आणि पाण्याचा रंग बघायचा. शेताच्या वरच्या कडेलाच पाणी लाल असेल तर ते तुमचं नाही, बाहेरून माती घेऊन आलंय. वर स्वच्छ आणि मध्ये लाल होत असेल तर माती तुमचीच सुटतेय. अर्ध्या तासात जे कळतं ते उन्हाळ्यात महिनाभर फिरून कळत नाही.

आम्हाला काय दिसलं तर वरच्या वाडीकडून येणारी पाखाडी (दगडी पायवाट) आहे, तिच्या कडेने पाणी ओहोळासारखं येत होतं, आमच्या कोपऱ्यावर एक चिरा सरकलेला, तिथून ते आत वळायचं, बांधाला लागायचं आणि मग बांधाच्या पाठीमागून धावत जाऊन आंब्यापाशी गोळा व्हायचं. आंब्यापाशीच का? कारण तिथे बांधाची माथ्याची रेघ बाकीपेक्षा नऊ इंच खाली होती. डोळ्याला अजिबात दिसत नाही. उतारावर उभं राहिलं की डोळा फसतो, सपाट असतं ते चढ वाटतं आणि उलटंही, ह्यावर माझा आता पूर्ण विश्वास आहे.

थोडा हिशेब सांगते म्हणजे अंदाज येईल. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी, म्हणजे एका गुंठ्यावर एक मोठा टँकर. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, दिवसाला १०० तर जुलैत किती वेळा होतो. वीस गुंठ्यांवर वीस टँकर. सगळं वाहत नाही, काही मुरतं, पण जुलैपर्यंत जमीन तुडुंब झालेली असते तेव्हा मुरायला जागा कुठे. आणि हे फक्त आमचं, वरच्या वाडीचं पाखाडीवरून येणारं वेगळंच. एवढं पाणी मातीच्या दोन फुटांच्या वरंब्यामागे थांबवून ठेवायचं म्हणजे काय ते बघा.

इथेच माझी मोठी चूक होती. मी जलसंधारणाचे जे व्हिडिओ बघितले ते बहुतेक दुष्काळी भागातले. तिकडे पाणी अडवा, समतल चर, एक थेंब बाहेर जाता कामा नये, आणि तिकडे ते बरोबरच आहे, पाचशे मिलिमीटर पावसात पाणी अडवायलाच पाहिजे. पण कोकणात तोच बांध अगदी समपातळीत, दोन्ही टोकं बंद करून घातला की ते छोटं धरण होतं, आणि धरणाला सांडवा नसेल तर ते कुठूनतरी स्वतःच करून घेतं. जास्त पावसाच्या भागात बांधाला थोडा ढाळ द्यायचा असतो, पाणी हळूहळू चालत एका टोकाला जाईल आणि माती मागे बसेल एवढाच. माती अडवायची, पाणी फक्त दमवायचं.

ढाळ किती? आम्ही शंभर फुटाला तीनचार इंच धरला. त्याहून जास्त दिला तर चरातच पाणी जोर धरतं आणि तळ खरवडतं. आता तीनचार इंच मोजायचे कसे, तर गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी. पन्नास फूट नळी, दोन सारख्या पट्ट्या, दोन माणसं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं माप चुकतं, तो आधी झटकून काढा, आमचा पहिला अख्खा दिवस त्या एका बुडबुड्यात गेला. ए-फ्रेम पण चांगली, बांबूचे सात फुटी दोन पाय, मध्ये आडवी पट्टी आणि वरून दोरीला दगड, पाय अदलाबदल करून दोन खुणा केल्या की त्यांच्या मधोमध समपातळी. वाफे, गवताच्या ओळी आखायला ती झकास. पण शंभर फुटाला चार इंच एवढा बारीक ढाळ तिच्यावर नीट पकडता येत नाही, त्याला नळीच.

मग २०२३ च्या आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, ज्या क्रमाने काम केलं तो सांगते, कारण क्रम महत्त्वाचा आहे आणि तोच आम्ही आधी उलटा केला होता. सुरुवात माथ्याला. वरच्या हद्दीला आडवा चर, दीड फूट खोल, दोन फूट रुंद, त्याची माती खालच्या बाजूला टाकून दाबलेली, आणि चराचं तोंड पऱ्याकडे. म्हणजे पाखाडीचं पाणी शेतात शिरायच्या आधीच बाजूने निघून जाईल. हा एक चर चार दिवसांचा होता आणि माझ्या मते निम्मा प्रश्न त्यानेच संपला. तोंड कुठे सोडता ते मात्र नीट बघा, शेजाऱ्याच्या शेतात सोडलंत तर पाण्याचा प्रश्न सुटेल आणि भावकीचा सुरू होईल, त्याला पाण्याची नळी चालत नाही.

नंतर मधला बांध. पूर्ण मोडून नाही घातला, नळी लावून माथा एका रेषेत आणला आणि ज्या टोकाला खाली कातळ लागतो त्या टोकाला सांडवा केला. सांडवा म्हणजे बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली ठेवलेली तीन फुटी वाट, तिच्यात जांभ्याचे सपाट चिरे, आणि मुख्य म्हणजे पाणी जिथे खाली पडतं तिथे पण दगडांचं अंथरूण. हे अंथरूण लोक विसरतात. वरून चिरे मस्त बसवलेले असतात आणि खाली पाण्याने खड्डा पाडलेला असतो, तो खड्डा सरकत सरकत मागे येतो आणि एके दिवशी चिरे त्याच्यात.

आता फुटलेल्या बांधाकडे बघून कारण कसं ओळखायचं, कारण प्रत्येकाचं माझ्यासारखंच असेल असं नाही. माथ्यावरून खालपर्यंत इंग्रजी व्ही सारखी खाच पडली असेल तर पाणी वरून ओसंडलं, म्हणजे एकतर पाणी जास्त येतंय किंवा ती जागा खाली आहे किंवा सांडवा नाही, उंची वाढवून हे सुटत नाही. माथा शाबूत आणि पोटातून भोक पडलं असेल तर ते झिरपून किंवा बिळातून. खेकडे, उंदीर, घुशी, आणि जुन्या झाडाची कुजलेली मुळं सुद्धा, करवंदाचं खोड काढून वर बांध घातला की दोन वर्षांनी ते मूळ कुजतं आणि आयती नळी तयार. (२०१९ मध्ये तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि सगळा महाराष्ट्र संतापला, बरोबरच आहे, धरण आणि शेताचा बांध एक नव्हे. पण दोन फुटी मातीचा बांध खेकडा खरंच पोखरतो, कोणालाही विचारा.) बिळाला वरून माती थापून उपयोग नाही, ते खणून तळापर्यंत जायचं आणि ओलसर चिकट माती थराथराने ठोकत वर यायचं.

दगडी तालीचं पोट फुगून ती पुढे येत असेल तर मागे पाणी कोंडतंय. आमच्या २०२१ च्या तालीत हेच झालं, आम्ही मागे नुसती माती भरली आणि शहाणपणा करून काही सांधे सिमेंटने भरले. ताल श्वास घेणारी पाहिजे. सिमेंट नको, मागच्या बाजूला हातभर जाडीचा बारीक दगडांचा भराव, त्याच्यामागे माती, पाया कातळापर्यंत नाहीतर निदान घट्ट मुरुमापर्यंत, आणि ताल डोंगराकडे थोडी कललेली. अण्णांच्या भाषेत, ताल आरामखुर्चीत बसल्यासारखी रेलली पाहिजे. आणि बांध मधून ठीक पण टोकाला वळसा घालून पाणी गेलं असेल तर टोक जमिनीत पुरेसं शिरलेलं नाही, ते दोनतीन फूट पक्क्या जमिनीत घुसवायचं. बस, एवढंच त्याचं.

बांध फुटत नाही पण माती जातेच आहे असं असेल तर मग प्रश्न बांधाचा नसून मधल्या जागेचा. दोन बांधांमधलं अंतर जास्त असेल तर पाण्याला धावायला लांब मैदान मिळतं. आम्ही मधे वाळ्याच्या ओळी टाकल्या. वाळा म्हणजे तोच माठात टाकायचा, त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगली जागा मिळाली तर दोनतीन मीटर, म्हणून नाचणीला त्रास होत नाही. ठोंब फोडून दोनतीन फुटवे एकत्र, विती-विती पेक्षा पण जवळ, चारपाच इंचांवर लावायचे, पहिला पाऊस स्थिरावला की लगेच. एकही फुटवा मेला आणि मध्ये फट राहिली तर सगळं पाणी त्या फटीतून जातं आणि ओळ नसलेली बरी अशी गत होते, म्हणून ऑगस्टमध्ये सांधणी करायचीच. पहिल्या वर्षी काही फरक दिसत नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ओळीच्या वरच्या अंगाला आमच्याकडे चारपाच बोटं माती साठलेली दिसली, मी मुलांना बोलावून दाखवली. ह्या ओळींनी हळूहळू आपोआप पायऱ्या पडत जातात, जेसीबी न लावता. फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर १९७० च्या दशकात हेच तत्त्व झुडपांच्या दुहेरी ओळी लावून वापरलं गेलं, चारपाच मीटरवर ओळ, मध्ये पीक, ओळ छाटून पाला पिकात. आपल्याकडे त्यासाठी गिरिपुष्प आहेच, आपली उंदीरमारी, आगोटीला तीन फुटी खुंट नुसते ठोकले तरी फुटतात, गुरं फारशी तोंड लावत नाहीत आणि पाला कुजला की नाचणीला चांगला.

गुरांवरून आठवलं, वाळ्याचा खरा शत्रू दिवाळीनंतर सुटणारी मोकाट गुरं. कोवळ्या ओळी पहिल्या वर्षी काट्या टाकून झाकायला लागतात. वणव्याने वरून जळतो पण परत फुटतो.

जेसीबीचं सांगायलाच पाहिजे. आमच्या ओळखीच्या एकाने दोन दिवसांत अख्ख्या डोंगराच्या पायऱ्या करून घेतल्या, फोटो एकदम बालीसारखे. पण वरची वीतभर काळपट माती खाली गाडली गेली आणि लाल मुरूम वर आला, पहिल्या वर्षी नाचणी ढोपराएवढी पण झाली नाही. पायऱ्या करायच्याच असतील तर वरची माती आधी बाजूला ओढून ठेवा, पायरी झाली की परत पसरा, आणि जास्त पावसात पायरीचा उतार आत डोंगराकडे ठेवून आतल्या कडेला छोटा पाट काढा. बाहेरच्या बाजूला उतार राहिला तर पाणी प्रत्येक पायरीच्या ओठावरून उडी मारतं.

पीक घेण्यातल्या चुका पण आहेत, त्या थोडक्यात. नांगर आडवाच, उभा नांगर म्हणजे पाण्याला रेल्वे. नाचणीच्या ओळी आडव्या. बेणणीचं (खुरपणीचं) गवत बांधाबाहेर फेकू नका, ओळींच्या मध्ये आडवं अंथरा. जमीन उघडी राहिली की पावसाचा थेंबच माती उडवतो, वाहणं नंतरची गोष्ट, आणि उन्हाळ्यात राब (पालापाचोळा, काट्या) भाजून, मग नांगरून, साफ करून आपण नेमकी तेव्हाच ती उघडी ठेवतो जेव्हा जूनचा पाऊस जोरात मारतो. शक्य असेल तिथे पातेरा (सुका पाला) नाहीतर पेंढा टाका. हळद आणि सुरणाच्या वाफ्यात तर आम्ही चार बोटं जाड पातेरा घालतो, त्या जागेतलं पाणी मी मुद्दाम बघितलं, जवळजवळ नितळ येतं. पण सुरण काढताना जमीन खणावी लागते, म्हणून ते तीव्र उताराला लावूच नका, कडेच्या सपाट तुकड्यावर ठेवा. युरिया वरून फोकलात तर दुसऱ्या दिवशी पऱ्यातलं शेवाळ तुम्हाला दुवा देईल, युरियाच्या ब्रिकेट (दाबलेल्या गोळ्या) मिळत असतील तर मुळाशी पुरा.

आणि एक गोष्ट जिथे वरचं काहीही लागू नाही. शेताच्या वर आडवी, वाकडी भेग पडलेली दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलायला लागले, जिथे कधी झरा नव्हता तिथे पाणी फुटलं, किंवा नेहमीचा झरा एकदम गढूळ आला किंवा बंद पडला, तर तो बांधाचा प्रश्न नाही, डोंगर हलतोय. तिथे चर खणून पाणी मुरवायला अजिबात जाऊ नका, त्याने वजन आणि निसरडेपणा दोन्ही वाढतो. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, ह्या तिन्ही दरडी जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यातल्या, लागून राहिलेल्या पावसातल्या. माणसं आणि गुरं हलवायची, तलाठी आणि तहसीलला कळवायचं, शेत नंतर बघू. भेग बुजवायची असेल तर ती फक्त वरचं पाणी आत जाऊ नये म्हणून आणि तीही पाऊस थांबल्यावर.

आमचं सध्याचं म्हणाल तर २०२३ आणि २०२४ दोन्ही पावसांत मधला बांध शाबूत राहिला, सांडव्यातून पाणी छान चाललं, एकदा एक चिरा सरकला तो परत बसवला. पण आता वर रस्ता रुंद झालाय आणि त्याची नवी मोरी नेमकी आमच्या चराच्या सुरुवातीला उघडते. अर्ज दिलाय, उत्तर नाही. मोरीचं पाणी पहिल्या पावसात बघितलं, दीड फुटी चराला ते झेपणारं नाही, तोंडाशीच खड्डा पडायला लागलाय. तूर्त मोरीखाली मोठे दगड टाकून पाण्याचा जोर मोडलाय आणि चर पहिल्या तीस फुटांत तीन फूट रुंद केलाय. परवा अण्णा इरलं घेऊन तिथेच उभे होते, मी हाक मारली तर म्हणाले, थांब, अजून लाल आहे.